बोट खाली आहे!

[मांजरी येथील दोन मित्र मोटारसायकलवरून कोकणच्या किनाऱ्याने प्रवास करतात. मुलूख अनोळखी, समुद्र अनोळखी. पण कानावर पडणारे बरेचसे शब्द मात्र ओळखीचे. या ओळखीच्या शब्दांनीच लेखकाची कशी फजिती केली आणि त्यातून तो काय शिकला, हे या पाठात सांगितले आहे.]

तुम्ही शाळेत उर्दूतून शिकता आणि मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकता. मीही तसाच शिकलो. मराठीच्या तासाला एखादा शब्द उर्दूसारखा दिसला, की मला फार आनंद होई. 'किनारा', 'हवा', 'जहाज', 'बंदर', 'मुलूख' असे शब्द मला पाठ करावे लागत नसत. वाटे, चला, एवढे तरी फुकट मिळाले! पुढे याच फुकटच्या शब्दांनी मला चांगली अद्दल घडवली. ती हकिकत आज तुम्हांला सांगतो.

आमचे गाव मांजरी. पुणे शहराच्या पूर्वेला, मुळा-मुठा नदीच्या काठी ते वसले आहे. नदीच्या एका तीरावर मांजरी बुद्रुक आणि दुसऱ्या तीरावर मांजरी खुर्द. 'बुद्रुक' म्हणजे आपला 'बुजुर्ग', थोरला. आणि 'खुर्द' म्हणजे धाकटा. पाहा, आमच्या गावाच्या नावातच फारसी शब्द बसलेले आहेत. ऊस आणि द्राक्षे यांवर संशोधन करणाऱ्या मोठ्या संस्था मांजरीत आहेत. माझ्या मित्राच्या घरीही द्राक्षांची बाग होती. त्याची मातृभाषा मराठी. आमची गल्ली एक, खेळ एक आणि एक उणीवही सारखीच. आम्ही दोघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता.

मला नोकरी लागली त्या वर्षी, डिसेंबर महिन्यात, आम्ही सहा दिवसांची सुट्टी काढली. त्याची मोटारसायकल आणि माझा पेट्रोलचा खर्च असे ठरले. निघताना माझी अम्मी म्हणाली, "पूछते पूछते जाना." त्याची आई म्हणाली, "विचारत विचारत जा रे." दोन्ही घरांतून एकच उपदेश मिळाला. आम्ही तो ऐकला आणि हडपसर येईपर्यंत विसरून गेलो.

पुणे ओलांडून आम्ही पौडच्या रस्त्याने मुळशीला आलो. तेथे मुळा नदीवर मोठे धरण आहे. १९२१ साली या धरणाच्या विरोधात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. धरण तर झालेच. पण या धरणाची एक गंमत आहे. आमची मुळा-मुठा पूर्वेकडे वाहते. ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्र जवळ असूनही आमच्या नदीने दूरचा समुद्र निवडला आहे. मुळशी धरणाचे पाणी मात्र बोगद्यांतून आणि नळांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला भिरा येथे सोडतात. तेथे त्यावर वीज तयार होते. नंतर ते पाणी कुंडलिका नदीत जाते आणि रेवदंड्याला अरबी समुद्रास मिळते. म्हणजे आम्ही ताम्हिणी घाट उतरून, कोलाड आणि रोहा या मार्गाने रेवदंड्याला निघालो होतो, तेव्हा आमच्याच नदीचे पाणी आमच्या सोबतीने चालले होते.

संध्याकाळी आम्ही रेवदंड्याच्या किनाऱ्यावर पोहोचलो. समोर समुद्र! मी कितीतरी वेळ बोललोच नाही. जवळच काही कोळी जाळी विणत बसले होते. त्यांच्यातील एका म्हाताऱ्या नाखव्याने विचारले, "कुठले तुम्ही?"

"पुण्याजवळच्या मांजरीचे," मित्र म्हणाला.

"तिकडं दर्या नाही ना?" नाखवा म्हणाला.

मला वाटले, आपल्या गावाला कमीपणा येतो आहे. मी लगेच म्हणालो, "आहे की! आमच्या घरापासून दहा मिनिटांवर दर्या आहे. पावसाळ्यात तर त्याला पूर येतो."

सगळे कोळी हात थांबवून माझ्याकडे पाहू लागले आणि मग खो खो हसले. मित्रांनो, तुमच्या लक्षात आले ना? उर्दूत 'दर्या' म्हणजे नदी. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र! मी मांजरीला समुद्र नेऊन ठेवला होता. मित्राने माझी बाजू सावरली. तो म्हणाला, "काका, याचा दर्या म्हणजे आमची मुळा नदी. तिचं पाणी भिऱ्यावरून इथंच येतं. याचा दर्या तुमच्या दर्याला मिळतो, एवढंच." नाखव्याला हे उत्तर फार आवडले. त्याने आम्हांला चहा पाजला. ही पहिली चूक हसण्यावारी गेली.

रेवदंड्याला लागूनच चौल आहे. आज तेथे नारळी-पोफळीच्या बागा आणि शांत घरे दिसतात. पण एके काळी हे मोठे बंदर होते. दहाव्या शतकात अल-मसूदी हा अरब प्रवासी 'सैमूर' बंदरात आला होता. सैमूर म्हणजेच चौल, असे अभ्यासक मानतात. सुमारे १४६९ साली अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी येथे उतरला आणि पुढे जुन्नरला गेला. त्याने आपले प्रवासवर्णन रशियन भाषेत लिहिले. पण त्यात मधूनमधून फारसी, तुर्की आणि अरबी शब्द येतात. परक्या मुलखात फिरणाऱ्याच्या बोलण्यात वाटेवरचे शब्द असे शिरतातच. रेवदंड्यात निकितिनचे स्मारक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीवरचा पूल ओलांडून आम्ही कोर्लईला गेलो. १७४० साली पोर्तुगीजांची येथील सत्ता संपली. मात्र त्यांची भाषा गेली नाही. कोर्लईतील काही ख्रिस्ती कुटुंबे घरात अजूनही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मेळातून झालेली बोली बोलतात. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात. याचा अर्थ 'आपली भाषा'. घराबाहेर तीच माणसे सफाईने मराठी बोलतात. घरची भाषा जपली म्हणून त्यांचे मराठी अडले नाही आणि मराठी आले म्हणून घरची भाषा गेली नाही. हे पाहून मला माझ्या शाळेची आठवण झाली. मराठीच्या तासाला चुकण्याच्या भीतीने मी मागच्या बाकावर बसत असे.

काशीद, नांदगाव, मुरूड करत आम्ही राजपुरीला आलो. तेथून शिडाच्या होडीत बसून जंजिऱ्याला गेलो. चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये काळ्या दगडाची प्रचंड तटबंदी! होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. समुद्राच्या मधोमध असूनही किल्ल्यात गोड्या पाण्याचे तलाव आहेत. सिद्दींचा हा किल्ला कोणालाही लढून जिंकता आला नाही. १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. दरवाजाजवळचा फारसी शिलालेख पाहून मी थांबलो. अक्षरे झिजलेली होती, तरी दोन-चार शब्द मला लागले. मित्राने विचारले, "जंजिरा म्हणजे काय रे?" मी ऐटीत सांगितले, "अरे, हा अरबी शब्द आहे. जजीरा म्हणजे बेट." आता गुरू मी होतो आणि शिष्य तो. ही गुरुगिरी संध्याकाळपर्यंतही टिकली नाही.

आता या वाटेविषयी एक गोष्ट तुम्हांला सांगायला हवी. नकाशात कोकणचा किनारा सरळ दिसतो. वाटते, समुद्र उजव्या हाताला ठेवला की झाले. पण सह्याद्रीवरून निघालेल्या नद्या समुद्राला मिळतात तेथे रुंद खाड्या तयार होतात. रस्ता खाडीपाशी येऊन संपतो. पलीकडचे गाव डोळ्यांना दिसते. पण रस्त्याने जायचे तर खाडीला मोठा वळसा पडतो. रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याने जाणारा सागरी महामार्ग आखलेला आहे. मात्र आम्ही गेलो तेव्हा मोठ्या खाड्यांवर पूल झालेले नव्हते. तेथे फेरीबोटीतून पलीकडे जायचे. माणसे, सायकली, मोटारी, सगळे एकाच बोटीत.

मुरूडच्या पुढे आगरदांडा येथे आम्हांला अशीच बोट गाठायची होती. पलीकडे दिघी. सूर्य मावळायला आला होता. मित्र बाटलीत पाणी भरायला गेला. मी रस्त्याच्या वळणावर गाडीजवळ उभा होतो. तेथून धक्का दिसत नव्हता. एका खलाशाला मी विचारले, "दिघीची बोट?" तो चालता चालता म्हणाला, "बोट खाली आहे."

मी निश्चिंत झालो. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामी. बोट रिकामी आहे, म्हणजे भरायला वेळ लागेल. मित्र आल्यावर मी म्हणालो, "घाई नको. बोट अजून रिकामी आहे." आम्ही आरामात चहा घेतला, वर एकेक वडा खाल्ला. मग उतारावरून धक्क्यावर गेलो, तर बोट खाडीच्या मध्यावर पोहोचली होती. ती दिवसाची शेवटची फेरी होती.

"रिकामी आहे, असं कोण म्हणालं तुला?" मित्राने विचारले.

"तो खलाशी. तो म्हणाला, बोट खाली आहे."

मित्राने कपाळावर हात मारला. "अरे, खाली म्हणजे खालच्या बाजूला! धक्क्याला लागलेली आहे, पळा, असं तो सांगत होता!"

अमावास्येची रात्र. राहण्याची सोय ठाऊक नाही. वळसा घालून जावे, तर अंधारातला अनोळखी रस्ता. मित्र रागावला नाही. पण गप्प झाला. ते मला जास्त लागले. एवढ्यात धक्क्यावर जाळे धुणाऱ्या एका चाचांनी आमची चौकशी केली आणि ते आम्हांला आपल्या घरी घेऊन गेले. दारावर उर्दूत लिहिलेली पाटी पाहून माझ्या जिवात जीव आला. मनात म्हटले, आता बोलण्याचे काम माझे! मी पुढे होऊन घरातल्या वृद्ध दादींना सलाम केला आणि उर्दूत आमची सगळी कहाणी सांगितली. त्या कौतुकाने ऐकत राहिल्या आणि मग काहीतरी बोलल्या. मला त्यातले निम्मेही कळले नाही. त्या कोकणी बोलत होत्या! कोकणातील अनेक मुस्लिम कुटुंबांची घरची बोली ही कोकणीच आहे. ती मराठीला फार जवळची. त्यांची नातवंडे शाळेत उर्दू शिकतात. पण दादींचे सारे आयुष्य कोकणीतच गेलेले. शेवटी माझ्या मित्राने मराठीत विचारायचे, दादींनी कोकणीत सांगायचे आणि मी मधे बसून ऐकायचे, असे झाले.

दादींनी आम्हांला तांदळाची भाकरी आणि माशांचे कालवण वाढले. "मांजरी? हे मांजरांचं गाव की काय?" असे विचारून त्या स्वतःच हसल्या. मी धीर करून मराठीत बोलू लागलो. चुकलो. दादींनी शब्द दुरुस्त केला. पुन्हा चुकलो. त्यांनी पुन्हा दुरुस्त केला. शाळेत दहा वर्षांत जितके मराठी मी मोठ्याने बोललो नव्हतो, तितके त्या एका रात्री बोललो.

तिसऱ्या दिवशी पहिल्याच बोटीने आम्ही दिघीला उतरलो. दिवेआगर मागे टाकून श्रीवर्धनला पोहोचलो. भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ हे मूळचे याच गावचे. सुपारीसाठीही श्रीवर्धन प्रसिद्ध आहे. पुढे बागमांडल्याहून बोटीने सावित्री नदीची खाडी ओलांडली, तेव्हा रायगड जिल्हा संपून रत्नागिरी जिल्हा सुरू झाला. मुक्काम वेळासला केला. वेळासच्या पुळणीवर समुद्री कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरली जात. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ती जपायला सुरुवात केली. आता पिल्ले समुद्राकडे धावताना पाहायला लांबून माणसे येतात. आम्हांला पिल्ले दिसली नाहीत, कारण तो अंडी घालण्याचा काळ होता. मात्र संध्याकाळी पश्चिमेला चंद्राची बारीक कोर दिसली. "चाँद झाला," मी म्हणालो. त्या चंद्राचा आमच्या प्रवासाशी काही संबंध असेल, हे तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

चौथ्या दिवशी केळशी सोडून आम्ही एका लांबलचक पुळणीवर आलो. सकाळचे अकरा वाजले होते. ओली वाळू रस्त्यासारखी टणक दिसत होती. मला मोह आवरला नाही. मित्र नको म्हणत होता, तरी मी एकटाच गाडी घेऊन खडकांपर्यंत गेलो. खडकांवर एक मावशी कालवे काढत होत्या. त्या टोपली उचलून घाईघाईने निघाल्या आणि मला पाहून ओरडल्या, "भरती लागली! भरती लागली!"

आमच्या मांजरीत रोज पहाटे मुले पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करतात. 'भरती' हा शब्द मला चांगला ठाऊक होता. उर्दूतही तो याच अर्थाने आहे. मला वाटले, या मावशी मला भरतीचा उमेदवार समजल्या. मी हसून हात हलवला आणि ओरडून उत्तर दिले, "नाही मावशी, मला नोकरी आहे!"

मित्रांनो, मराठीत 'भरती'चा आणखी एक अर्थ आहे. समुद्राचे पाणी चढू लागते, तिला भरती म्हणतात. ते उतरू लागते, तिला ओहोटी म्हणतात. मी वळून पाहिले तेव्हा माझ्या आणि किनाऱ्याच्या मध्ये पाणी शिरलेले होते. येताना तेथे नुसता ओलसर खोलगट भाग होता. मी गाडी तशीच पाण्यात घातली. मागचे चाक वाळूत रुतले. एक लाट गुडघ्यापर्यंत आली, दुसरी कमरेपर्यंत. मला पोहता येत नव्हते. गाडी मित्राची होती, म्हणून ती सोडवत नव्हती. किनाऱ्यावरून मित्र जिवाच्या आकांताने ओरडत होता, "गाडी सोड! गाडी जाऊ दे, तू ये!"

मावशींच्या हाकेने तीन-चार कोळी दोर घेऊन धावत आले. त्यांनी आधी मला बाहेर काढले. मग दोर बांधून गाडी ओढली. मी वाळूवर बसून थरथर कापत होतो. मावशी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "अरे बाबा, मी जीव तोडून ओरडतेय आणि तू हात काय हलवतोस?" मी खरे ते सांगितले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शब्द कळला नाही, तर काय म्हणता म्हणून विचारायचं. विचारायला पैसे पडत नाहीत."

मग त्यांनी मला समुद्राचे घड्याळ शिकवले. ते तुम्हीही शिकून घ्या. दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. समुद्र सुमारे सहा तास चढतो आणि तेवढाच वेळ उतरतो. दर दिवशी भरतीची वेळ साधारण पाऊण तास पुढे जाते. म्हणून कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने कळते. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. आमच्या फजितीच्या दिवशी द्वितीया होती. दोनची पाऊणपट दीड. दुपारी दीडला पाणी पूर्ण चढणार होते आणि मी अकरा वाजता, ऐन चढत्या पाण्यात, वाळूत शिरलो होतो. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास चंद्र आणि सूर्य या दोघांची ओढ एकत्र होते. तेव्हा पाणी अधिक चढते. त्याला उधाण म्हणतात. "काल कोर दिसली ना?" मावशी म्हणाल्या, "मग आज उधाण असणारच."

मी थक्क झालो. रमजानचा आणि ईदचा चाँद पाहायला आम्ही सगळे घर गच्चीवर जातो. चंद्राच्या तारखा मला लहानपणापासून तोंडपाठ. ज्या चंद्राकडे पाहून आम्ही महिना मोजतो, त्याच चंद्राकडे पाहून हा समुद्र चढतो आणि उतरतो, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नव्हते.

गाडी ढकलत आम्ही पुढच्या गावात नेली. मेकॅनिकने ती गोड्या पाण्याने धुतली, तेल बदलले आणि संध्याकाळपर्यंत चालू करून दिली. मी मित्राची माफी मागितली. तो म्हणाला, "मला मराठी येतं, पण भरती कधी येते, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? समुद्र आपल्या दोघांनाही परकाच." त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. शब्द नवा असेल तर एकदा विचारायचे आणि शब्द ओळखीचा वाटला तर दोनदा विचारायचे.

पाचव्या दिवशी आम्ही हर्णै, दापोली या मार्गाने दाभोळला आलो. हे वाशिष्ठी नदीच्या मुखावरचे प्राचीन बंदर. निकितिनने परतीच्या वाटेवर भारताचा किनारा सोडला तो येथूनच. किनाऱ्याजवळ आदिलशाही काळातील घुमटाची देखणी मशीद आहे. ती पाहून आम्ही धोपाव्याची बोट गाठायला निघालो. वाटेत एका खलाशाला मी विचारले, "काका, धोपाव्याची बोट?"

"बोट खाली आहे," तो म्हणाला.

मी गाडी थांबवली. "काका, खाली म्हणजे रिकामी, की खाली म्हणजे खालच्या बाजूला?"

तो क्षणभर पाहतच राहिला. मग हसून म्हणाला, "खालच्या बाजूला रे! आणि भरलेली आहे. पळा!"

आम्ही पळालो. आमची गाडी चढली आणि बोट सुटली. पाण्यावरचा वारा तोंडावर घेत मी उभा होतो. मला दोन्ही आयांचा उपदेश आठवला. एकीने तो उर्दूत केला होता, दुसरीने मराठीत. मावशींनी किनाऱ्यावर रागावून सांगितले, तेही तेच होते. गुहागर, चिपळूण, कुंभार्ली घाट आणि कराड करत सहाव्या दिवशी आम्ही मांजरीला परतलो.

विद्यार्थी मित्रांनो, उर्दू आणि मराठी या भाषांची ओळख शेकडो वर्षांची आहे. फारसीतला 'नाखुदा' कोकणात 'नाखवा' झाला. अरबीतल्या 'मौसिम'वरून मराठीत 'मोसमी वारे' आले. हे शब्द तुमचे आहेत आणि मराठीचेही आहेत. पण माणूस गाव बदलतो तेव्हा त्याच्या सवयी थोड्या बदलतात, तसेच शब्दांचेही होते. म्हणून ओळखीचा शब्द भेटला, की आनंदाने त्याला सलाम करा, आणि हळूच विचारा, "भाई, इथे तुमचा अर्थ काय?" चुकलात तर लोक हसतील. हसू द्या. रेवदंड्याचे कोळी मला हसले आणि त्यांनीच मला चहा पाजला.

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश. अद्दल घडणे – चुकीची शिक्षा मिळून शहाणपण येणे. उणीव – कमतरता. नाखवा – नाव चालवणारा कोळी. खाडी – नदीच्या मुखातून आत शिरलेले समुद्राचे पाणी. धक्का – बोट लागण्याची जागा. खलाशी – बोटीवर काम करणारा माणूस. वळसा – लांबचा फेरा. पुळण – समुद्रकाठची वाळूची जागा. कालवे – खडकाला चिकटलेले शिंपल्यांतील जीव. कालवण – भाकरीबरोबर किंवा भाताबरोबर खायचा पातळ रस्सा. पाऊणपट – तीन चतुर्थांश. उधाण – मोठी भरती. जिवात जीव येणे – धीर येणे. जिवाच्या आकांताने – सर्व शक्ती लावून.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मांजरी गाव कोणत्या नदीच्या काठी आहे?
(आ) मुळशी धरणाचे पाणी भिऱ्यानंतर कोणत्या नदीत जाते?
(इ) 'नौ लिंग' याचा अर्थ काय?
(ई) जंजिरा संस्थान भारतात केव्हा विलीन झाले?
(उ) दादी कोणती बोली बोलत होत्या?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) रेवदंड्याचे कोळी लेखकाला का हसले?
(आ) आगरदांड्याची शेवटची बोट कशामुळे चुकली?
(इ) खडकांवरच्या मावशींना लेखकाने चुकीचे उत्तर का दिले?
(ई) किनाऱ्याने जाणारा रस्ता खाडीपाशी का संपतो?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "याचा दर्या तुमच्या दर्याला मिळतो, एवढंच."
(आ) "गाडी जाऊ दे, तू ये!"
(इ) "विचारायला पैसे पडत नाहीत."

प्र. ४. 'समुद्र आपल्या दोघांनाही परकाच,' असे मित्र का म्हणाला, ते तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ५. हिशेब करा. आज चतुर्थी आहे. पूर्ण भरती साधारण किती वाजता येईल? त्या दिवशी पुळणीवर कोणत्या वेळी जाणे धोक्याचे ठरेल?

भाषाभ्यास

(अ) पुढील शब्दांचे मराठीतील आणि उर्दूतील अर्थ शेजारी शेजारी लिहा : दर्या, खाली, राजीनामा.

(आ) 'भरती' हा शब्द दोन वेगवेगळ्या अर्थांनी दोन वाक्यांत वापरा.

(इ) विरुद्धार्थी शब्द लिहा : भरती, बुद्रुक, परका, रिकामी.

(ई) वाक्यांत उपयोग करा : कपाळावर हात मारणे, जिवात जीव येणे, अद्दल घडणे.

उपक्रम

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत आढळणारे वीस शब्द गोळा करा. शेजारच्या मराठी भाषक व्यक्तीला त्यांचे अर्थ विचारा. ज्या शब्दांचे अर्थ दोन्ही भाषांत वेगळे आहेत, त्यांची यादी वर्गात लावा.